मेजर किलांडर आणि आमचं स्काउट पथक: आठवीनंतर पोरं टिकवायची कशी?

खडूफळा

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. गेली अकरा वर्षं स्काउटचं पथक माझ्याकडे आहे. पाचवी-सहावीतल्या पोरांना स्कार्फ आणि तो गळ्याशी अडकवायच्या कडीचं, वॉगलचं, काय अप्रूप असतं! 'खरी कमाई'च्या, म्हणजे कामं करून पैसे मिळवायच्या दिवसांत तर घरी जायचं नाव घेत नाहीत. पण आठवी लागली की एकेक जण गळायला लागतो. क्लास, मोबाईल, घरची कामं ही कारणं आहेतच. तरी मला मनापासून वाटतं की त्या वयाला पुरेल असं आपण त्यांच्यापुढे काही ठेवत नाही. सहावीत शिकवलेली रीफ नॉटची गाठ नववीत पुन्हा शिकवली तर पोरगं कशाला थांबेल?

हे डोक्यात घोळत असताना स्वीडनच्या अर्न्स्ट किलांडर यांच्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून हा माणूस मनातून जात नाही. जन्म १८८२, मृत्यू १९५८. पेशाने लष्करी अधिकारी, पुढे मेजर. शिवाय स्काउट चळवळीतले नेते, आणि १९१७ ते १९३४ अशी सतरा वर्षं स्टॉकहोमच्या क्रीडा संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या लक्षात आलं की तरुण मुलं धावण्याकडे पाठ फिरवायला लागली आहेत. १९१२ चं ऑलिंपिक त्यांच्याच शहरात झालं होतं, म्हणजे खेळाचं वारं नव्हतं असं नाही. तरी मैदान ओस पडत होतं.

'आजकालची पोरं' असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पोरांच्या हातात नकाशा आणि होकायंत्र दिलं आणि शर्यतच जंगलात नेली. २५ मार्च १९१९ रोजी स्टॉकहोमजवळ नाका भागात त्यांनी घेतलेल्या स्पर्धेला दोनशेच्या वर धावपटू आले. आज जगभर खेळतात त्या ओरिएंटियरिंगची ही पायाभरणी. उत्तर युरोपात त्यांना या खेळाचे जनक म्हणतात.

विचारायचं असं की इथे कुणी हा खेळ खेळलाय का? आणि आपल्या शाळेत, आपल्या डोंगरात, पदराला फार खार न लावता तो मुलांसाठी कसा करता येईल?

---

घाटवाट

धागा आवडला सर. इथेच मुक्काम ठोकतोय.

---

उंबराचं झाड

विषय चांगला आहे, पण 'जनक' या शब्दाला माझा आक्षेप आहे. 'ओरिएंटेरिंग' हा शब्द स्वीडिश लष्करात १८८६ पासून आहे. अनोळखी मुलुख नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे पार करणं, असा त्याचा अर्थ. नागरिकांसाठीची पहिली स्पर्धा तर नॉर्वेत झाली, ३१ ऑक्टोबर १८९७ ला, आजच्या ऑस्लोजवळ. त्याल्वे नावाच्या क्लबने घेतली होती. तीन ठाणी, म्हणजे नकाशावरून शोधून गाठायच्या जागा, आणि आठ स्पर्धक. पेडर फोसुम पावणेदोन तासांच्या आसपास वेळ देऊन जिंकला. स्वीडनमध्येही १९०१ साली अशी स्पर्धा झालेली आहे. मग १९१९ च्या माणसाला जनक कसं म्हणायचं? ज्यांनी आधी केलं त्यांच्यावर हा अन्याय आहे.

---

खडूफळा

@उंबराचं झाड, तारखा बरोबर आहेत. नॉर्वेचा उल्लेख मीच करायला हवा होता. तो मान त्या आठ जणांचाच.

---

नर्मदाकाठ

उंबराचं झाड यांच्या तारखा मान्य, निष्कर्ष नाही. १८९७ ला आठ जण धावले. त्यानंतर वीस वर्षं हा खेळ कुठेतरी चार क्लबांत रेंगाळत होता. किलांडर यांनी नुसती एक स्पर्धा घेतली नाही. मार्ग कसा आखायचा, ठाणी कुठे ठेवायची, वयोगट कसे पाडायचे, आयोजन कसं करायचं, याचे नियम ते पुढची कित्येक वर्षं घडवत राहिले. आणि ते राबवायला त्यांच्या हातात संघटना होती. १९३४ पर्यंत स्वीडनमध्ये अडीच लाखांवर लोक हा खेळ खेळत होते, आणि १९४२ पासून तो तिथल्या शाळांत सक्तीचा झाला. बी कुणाचंही असेल, शेत कुणी पिकवलं ते बघा.

आपल्याकडे खेळाडूची रांगोळी काढतात आणि संघटकाचं नाव आभारप्रदर्शनात, तेही लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर घेतात. माझे वडील तालुक्याच्या खो-खो संघटनेचं काम पंचवीस वर्षं बघायचे. मैदान आखायला चुना कोण आणणार, पंचांच्या जेवणाचं काय, बाहेरगावच्या मुली रात्री कुठे झोपणार, हे सगळं त्यांच्या सायकलच्या पिशवीत असायचं. त्यांचा एकही फोटो कुठल्या ढालीबरोबर नाही. म्हणून किलांडर यांच्यासारख्या माणसावर कुणी धागा काढला की मला भरून येतं.

---

सुभेदारकाका

पोरांनो, मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. मॅप रीडिंग रात्रीचंही केलंय आणि शिकवलंही आहे. आपल्या फौजेत ओरिएंटियरिंगच्या स्पर्धा होतात, एनसीसीच्या पोरांनाही नकाशावाचन असतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, नकाशा उत्तरेला लावायला शिकवा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. नकाशा जमिनीवर ठेवा, त्यावर होकायंत्र ठेवा, आणि नकाशावरची उत्तर सुईच्या उत्तरेला जुळेपर्यंत कागद फिरवा. मग देऊळ नकाशात डावीकडे असेल तर समोरही डावीकडेच दिसणार. पोराच्या चेहऱ्यावर उजेड पडतो त्या क्षणी. मी शंभरदा पाहिलाय तो उजेड.

दुसरी, पावलं मोजणं. मोजलेल्या शंभर मीटरवर पोराला चालवा आणि डावा पाय किती वेळा पडला ते मोजायला सांगा. मोठ्या माणसाचे साधारण साठ-पासष्ट भरतात, पोरांचे जास्त. प्रत्येकाने आपला आकडा पाठ करायचा. चढावर तो वाढतो, तेही त्याला कळलं पाहिजे.

आपल्याकडे एक सोय आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे पोरांना त्या वजाबाकीत अडकवू नका. मात्र मोबाईल, चाव्यांचा जुडगा, लोखंडी कठडा यांच्याजवळ सुई बघायची नाही.

---

अबोली_स्टॉकहोम

मास्तर, तुमचा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही. मी मूळची कराडची, नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये राहते. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि इथल्या क्लबात ओरिएंटियरिंग करतो. दर मंगळवारी संध्याकाळी सराव असतो. आम्ही पालकच आळीपाळीने जंगलात जाऊन खुणा लावून येतो. नारिंगी-पांढऱ्या कापडाची तीन बाजूंची पेटी, प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटर. झुडपामागे, मोठ्या शिळेच्या पायथ्याशी, ओहोळाच्या वळणावर टांगायची.

एक प्रसंग सांगते. मागच्या वर्षी माझी पाळी होती. ऑक्टोबर, संध्याकाळी अंधारत आलेलं, पावसाची भुरभुर. सातव्या ठाण्यापाशी मी उभी होते. तिथे एक आजोबा आले, सत्तरीच्या पुढचे. नकाशा घडी घालून बरोब्बर अंगठ्याखाली धरलेला, म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत तिथे अंगठ्याचं टोक. माझ्याकडे बघून मान हलवली, काठीवरच्या यंत्रात बोटावरची चिप घातली, टिंग वाजलं, आणि शेवाळलेल्या उतारावरून गेले खाली. दोन मिनिटांनी त्याच ठाण्यावर आठ वर्षांची मुलगी आली, आईबरोबर. एकाच संध्याकाळी, एकाच जंगलात दोघं. कुठल्या मैदानावर हे दिसतं?

इथे ओ-रिंगेन म्हणून पाच दिवसांची जत्राच भरते दर उन्हाळ्यात, १९६५ पासून. १९८५ ला पंचवीस हजारांच्या घरात लोक धावले होते. लहान पोरांपासून नव्वदीच्या आजी-आजोबांपर्यंत वेगवेगळे गट असतात. वयोगटांचा तो विचार किलांडर यांच्या काळापासून चालत आलाय, हे मला आज नर्मदाकाठ यांच्यामुळे नव्याने जाणवलं.

---

पोळीभाजी

अबोलीताई, प्रतिसाद फार सुंदर. ते आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

---

घाटवाट

अबोलीताई, एक प्रश्न. तिथे कुणाच्याही जंगलात घुसता येतं का? आमच्याकडे टेकडीवर पाय ठेवला की आधी वनखात्याची पाटी, मग कुणाची तरी तारेची कुंपणं.

---

अबोली_स्टॉकहोम

@घाटवाट, इथे 'आल्लेमान्सरेत्तेन' म्हणजे सर्वांचा हक्क नावाची जुनी रीत आहे, १९९४ पासून ती राज्यघटनेतही आली. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातूनही चालता येतं, बोरं-आळंबी वेचता येतात. पण उभ्या पिकातून जायचं नाही, घराच्या अंगणाजवळ जायचं नाही, काही मोडायचं नाही. तरीसुद्धा स्पर्धा घ्यायची तर क्लब जमीनमालकांना आधी विचारतो. हरणांच्या विणीच्या जागा नकाशावर जांभळ्या रेघांनी बंद केलेल्या असतात.

हा खेळ इथेच का फोफावला त्याचं निम्मं उत्तर या हक्कात आहे असं मला वाटतं. किलांडर यांच्याकडे रान होतं आणि त्यात शिरायची मुभा होती.

---

रानवारा

मी जरा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मी पंधरा वर्षं ट्रेकला माणसं नेतोय. सह्याद्री म्हणजे स्वीडनचं सपाट जंगल नव्हे. आपल्याकडे धुक्यात दहा पावलांवर कडा असतो. फुरसं असतं, आग्यामोहोळ असतं, पावसाळ्यात ओढा अर्ध्या तासात अंगावर येतो. शाळेच्या पोरांना नकाशा देऊन 'जा शोधून या' म्हणणं मला पटत नाही. काही झालं तर मास्तरांना कोण सोडवणार? आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, टोपोशीट म्हणाल तर ती १:५०,०००. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पोराला त्यात वाडीची विहीरसुद्धा सापडायची नाही.

---

सुभेदारकाका

रानवारा, तुमची काळजी बरोबर आहे. कड्यावर न्या असं कुणीच म्हणालं नाही. सुरुवात शाळेच्या आवारात होते.

---

उंबराचं झाड

टोपोशीटवरून आठवलं. किलांडर यांच्या काळात स्वीडनमध्ये धावपटूंच्या हातात लष्करी नकाशे असायचे, १:१,००,००० चे, म्हणजे आपल्या टोपोशीटच्याही निम्म्या तपशिलाचे. त्यामुळे ठाणी ठळक जागीच ठेवावी लागायची. आता खास या खेळासाठी १:१५,००० किंवा १:१०,००० चे नकाशे करतात. पांढरा रंग म्हणजे धावण्याजोगं रान, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, पिवळा म्हणजे मोकळं. सुरुवातीला त्रिकोण, ठाण्याला वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ.

होकायंत्रही तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. कोन मोजायला वेगळा कोनमापक लागायचा. १९३० च्या दशकात गुन्नार तिलांदर आणि शेलस्त्रम बंधूंनी होकायंत्र आणि कोनमापक एकाच पारदर्शक पट्टीवर आणलं. आपल्या स्काउटच्या पोरांच्या हातात दिसतं ते प्लॅस्टिकचं पट्टीवालं यंत्र त्याच घराण्यातलं.

जनक या शब्दावर मी अजूनही अडलेलो आहे, पण नर्मदाकाठ यांचं शेताचं उदाहरण पटलं. शेतकरी म्हणूया.

---

नर्मदाकाठ

शेतकरी चालेल. त्याहून मोठा मान नाही.

---

व्यायामशाळा

थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच आहे. किलांडर नाकाच्या जंगलात स्पर्धा घेत होते त्याच सुमाराला आपल्या पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी पोरं दोराबजी टाटांच्या नजरेत भरली. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पथक गेलं आणि आपले फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. तिकडे अमरावतीला वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं होतं, १९३६ ला बर्लिनमध्ये त्यांच्या चमूने कबड्डी दाखवली.

संघटक आपल्याकडेही मोठेच होते. फरक इतकाच की आपण तेव्हा उत्तमातला उत्तम धावपटू शोधत होतो. ते त्या काळी गरजेचंही होतं, जगाला दाखवायचं होतं. किलांडर मात्र जो मैदानावर येतच नाही त्याचा विचार करत होते. दोन्ही लागतं. पण शाळेत आपण आजही पहिलंच करतो.

---

पोळीभाजी

व्यायामशाळा यांच्या शेवटच्या वाक्यावर अडखळले. मी शाळेत जाड होते. पीटीच्या तासाला आधी शंभर मीटर पळवायचे, पहिल्या सहा जणी संघात, उरलेल्यांनी वर्गात जाऊन वह्या पूर्ण करायच्या. पाचवी ते दहावी मी एकदाही मैदानावर खेळले नाही. कुणी वाईट वागलं नाही, रागावलं नाही, फक्त मोजलंच नाही. आज चव्वेचाळीसाव्या वर्षी हे लिहिताना हात थांबतोय.

ज्या खेळात थांबून विचार करणंही खेळाचाच भाग आहे असा खेळ मला तेव्हा मिळायला हवा होता.

---

अबोली_स्टॉकहोम

पोळीभाजीताई, मिठी.

आणि हे अगदी खरं आहे. माझ्या मुलाच्या गटात सर्वांत जोरात धावणारा मुलगा महिन्यातून दोनदा तरी भलत्याच टेकडीवर जातो. त्यांचे प्रशिक्षक त्याला सांगत असतात, आधी थांब, मग बघ, मग पळ.

---

नागपुरी_संत्रं

स्काउटचा विषय निघाला म्हणून आमच्या गावचं सांगतो. न्यायमूर्ती विवियन बोस नागपूरचे, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. स्काउट चळवळीत त्यांनी मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या. माझे आजोबा त्या काळात स्काउट होते. न्यायाधीश अर्ध्या चड्डीत शेकोटीपाशी बसतात याचं त्यांना मरेपर्यंत नवल होतं. तेव्हा संघटनाही वेगवेगळ्या होत्या, मालवीयजी, कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांची सेवा समितीची वेगळी, बाकीच्या वेगळ्या. ७ नोव्हेंबर १९५० ला एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झालं.

मोठ्या पदावरच्या माणसाने पोरांसाठी आपला शनिवार-रविवार द्यावा, ही गोष्ट किलांडर यांच्या बाबतीतही मला सर्वांत मोलाची वाटते.

---

रानवारा

सुभेदारकाकांचं म्हणणं मान्य. मग मास्तर, मी मदत करतो. मी आळेफाट्याजवळच असतो. तुमच्या शाळेमागची टेकडी मला माहीत असेल तर एक दिवस येऊन धोक्याच्या जागा दाखवीन. नकाशा मात्र हाताने काढा. गुगलवरून आवाराचं चित्र घ्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, विहीर, पाण्याची टाकी, चिंच, बांध, पायवाट एवढंच काढा. एक सेंटिमीटरला पन्नास मीटर पुरेसे आहेत. मूळ चित्र फेकून द्या.

---

सुभेदारकाका

नकाशा पोरांकडूनच काढून घ्या. नववीच्यांनी काढायचा, सातवीच्यांनी त्यावर धावायचं. मग नववीतलं पोरगं गळत नाही, कारण त्याच्यावाचून खेळच होत नाही. आणि एकटं कुणाला सोडू नका, जोडीने सोडा. प्रत्येक जोडीकडे शिट्टी. पंचेचाळीस मिनिटांनी घंटा, घंटा झाली की ठाणी मिळोत न मिळोत, परत.

---

खडूफळा

मंडळी, दोन आठवडे इथे फिरकलो नाही कारण हेच सगळं करत होतो.

काकांनी सांगितलं तसं नववीच्या चार जणांना नकाशाला बसवलं. पहिल्या दिवशी भांडणं. एक म्हणतो टाकी आंब्याच्या डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. शेवटी दोघं पावलं मोजत गेले आणि आल्यावर गप्प बसून खोडरबर मागितला. रानवारा शनिवारी येऊन गेले, टेकडीचा उत्तरेकडचा उतार त्यांनी बाद केला, तिथे सुटे दगड आहेत. वनखात्याची हद्द वरच्या बांधापासून लागते, म्हणून आम्ही बांधाच्या खालीच राहिलो. खालच्या शेताचे मालक आमचेच माजी विद्यार्थी, त्यांना विचारून घेतलं.

खुणांसाठी कापड आणलं नाही. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आधी घेतले होते, पण काकांचं लोखंडाबद्दलचं वाक्य आठवलं आणि ते बाजूला ठेवले. मग खताच्या पांढऱ्या गोण्या कापून त्यावर गेरू फासला. प्रत्येक खुणेला दोरीने रंगीत खडू बांधला. पोरांनी आपल्या कागदावर त्या खडूची रेघ ओढून आणायची. सहा ठाणी, सहा रंग.

परवा सातवीच्या आठ जोड्या सोडल्या. सहाही रंग घेऊन चार जोड्या आल्या. दोन जोड्या जांभळा आणि निळा यात गोंधळल्या, तो दोष माझा, खडू फार सारखे होते. एका जोडीने घंटा ऐकली नाही. ती दोघं दहा मिनिटं उशिरा आली, तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या वेळी घंटेऐवजी ढोल.

आणि एक जोडी चारच रंग घेऊन परतली. पाचवं ठाणं औदुंबराच्या मागे होतं, त्यांनी तो पिंपळ समजला. बक्षिसाचं त्यांनी विचारलंच नाही. 'सर, कुठे होतं ते दाखवा' म्हणून मागेच लागली. अंधार पडत आला होता, उद्या दाखवतो म्हणालो. काल सकाळी प्रार्थनेच्या आधी दोघं टेकडीवरून उतरताना दिसली. एकटं जायचं नाही असं बजावलेलं आहे, ते मी पुन्हा सांगेनच. पण कागदावर हिरवी रेघ ओढून आणली होती.

नववीतली चार जणं पुढच्या शनिवारी ओढ्यापलीकडचा नकाशा काढायला मागतायत.

---

सुभेदारकाका

शाबास. ओढ्याला पाणी किती आहे ते आधी बघा.

---

रानवारा

घोट्याच्याही खाली आहे काका, मी पाहिलंय. मास्तर, शनिवारी सात वाजता येतो.

---

पोळीभाजी

सर, आमचं गाव तुमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. मोठ्या माणसांची एखादी जोडी चालेल का शनिवारी? मी माझ्या बहिणीला घेऊन येईन.

---

खडूफळा

पोळीभाजीताई, नक्की या. नकाशा राखून ठेवतो. पायात बूट घाला, कुसळं फार आहेत.